एअरबॅगचा दिवा पेटलेली जुनी गाडी : दुरुस्त करून मागावी, स्वस्तात घ्यावी की सोडून द्यावी?

जुनी गाडी पाहायला गेल्यावर किल्ली फिरवली की मीटरमधले सगळे दिवे एकदम लागतात आणि काही सेकंदांत विझतात. बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे मोठा गोल, असे चित्र असलेला दिवा मात्र तसाच राहिला, तर एअरबॅगच्या यंत्रणेने स्वतःची तपासणी करून बिघाडाची नोंद केली आहे, असे समजावे. विकणारा बहुधा सांगतो की सेन्सरचे किरकोळ काम आहे, गाडी उत्तम चालते. गाडी उत्तम चालते हे खरेही असते, कारण या बिघाडाचा इंजिनशी काहीच संबंध नसतो. आणि म्हणूनच वांद्र्यापासून दहिसरपर्यंत ट्रायल घेतली तरी त्यातून काही कळत नाही.

घेणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. मालकालाच दुरुस्ती करून द्यायला सांगावी, किंमत उतरवून गाडी घ्यावी आणि काम स्वतः करून घ्यावे, किंवा गाडी सोडून द्यावी. बहुतेक जण या वाटा पैशांच्या हिशेबाने तोलतात. माझे मत असे आहे की बिघाडाचे कारण कळेपर्यंत तिन्हींपैकी एकही वाट निवडता येत नाही आणि ते कारण टोकन देण्याआधीच कळून घेतले पाहिजे, कारण एकच दिवा अगदी साध्या कारणानेही पेटतो आणि गाडीच सोडून द्यावी अशा कारणानेही पेटतो.

साधे कारण म्हणजे पुढच्या सीटखालचा, वायरी जोडणारा पिवळा कनेक्टर. सीट वारंवार मागेपुढे केल्याने किंवा सफाई करताना धक्का लागल्याने तो सैल होतो. त्याहून मोठे काम स्टेअरिंगमधल्या क्लॉक स्प्रिंगचे असते. स्टेअरिंग फिरत असताना एअरबॅग आणि हॉर्न यांचा विद्युतसंपर्क टिकवणारी ही गुंडाळलेली पट्टी वापराने तुटते. दिव्याबरोबर हॉर्न किंवा स्टेअरिंगवरची बटणेही बंद असतील, तर संशय प्रथम तिच्यावर घ्यावा. तिसरे कारण सीटबेल्टचे असते. धडकेच्या क्षणी बेल्ट आवळून धरणारा प्रीटेन्शनर याच यंत्रणेचा भाग असल्यामुळे हा दिवा पेटलेल्या गाडीत बेल्टही पूर्ण क्षमतेने काम करील याची खात्री राहत नाही, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. बॅटरी उतरल्यामुळेही नोंद होऊ शकते.

यानंतरची दोन कारणे वेगळ्याच पातळीवरची आहेत. पहिले म्हणजे पूर्वी झालेला अपघात. एअरबॅग एकदा उघडली की ती पुन्हा वापरता येत नाही. धडकेची नोंद एअरबॅग चालवणाऱ्या कंट्रोल युनिटमध्ये साठून राहते आणि अनेक गाड्यांत ती साध्या स्कॅनरने पुसली जात नाही. दुसरे म्हणजे पाणी. बऱ्याच गाड्यांत हे युनिट गिअरच्या आसपास, कन्सोलखाली, फरशीलगत बसवलेले असते. मुंबईत पावसाळ्यात हिंदमाता, किंग्ज सर्कल किंवा मिलन सबवेला तुंबणाऱ्या पाण्यात गाडी सीटपर्यंत बुडली असेल, तर युनिट आणि सीटखालचे कनेक्टर दोन्ही भिजलेले असतात. आतली गादी नवी घालता येते, वासही घालवता येतो. परंतु बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला तर त्यावर पाण्याची रेषा किंवा बारीक माती सापडू शकते, सीटच्या रुळांवर गंज दिसतो आणि पिवळ्या कनेक्टरवर हिरवट थर असू शकतो. मुंबईत गाडी पाहताना मी हे चालू इंजिनाच्या आवाजाआधी पाहतो. कनेक्टर नुसते डोळ्यांनी पाहावेत, त्यांना हात लावू नये. मीटरने वायर तपासणाऱ्या हौशी मेकॅनिकलाही अडवावे, कारण तेवढ्या प्रवाहानेसुद्धा एअरबॅग फुटू शकते.

कारण कळण्यासाठी स्कॅनर लावावा लागतो. मोबाइलला जोडायचे स्वस्त यंत्र प्रामुख्याने इंजिनचे, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे दोषांचे कोड वाचते, एअरबॅगचे कोड सहसा ‘बी’ने सुरू होतात आणि त्यांच्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांना चालणारा स्कॅनर लागतो. आपल्या यंत्रावर ‘एकही दोष नाही’ असे दिसले तर त्याचा अर्थ इंजिनात दोष नाही एवढाच असू शकतो. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे चांगला स्कॅनर असेल तर काम लवकर होते. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये वेळ आणि पैसे जास्त लागतात, पण तिथे गाडीचा सर्व्हिसचा इतिहासही पाहिला जातो आणि अंदाजपत्रक लेखी मिळते. एअरबॅगच्या बाबतीत मी अधिकृत सेंटरचाच आग्रह धरीन. कोड सध्याचा आहे की जुना साठवलेला, हेही लिहून घ्यावे. मालक तिथे गाडी न्यायलाच तयार नसेल, तर विचार तिथेच थांबवावा.

आता तिन्ही वाटांकडे येऊ. मालकाकडून दुरुस्ती करून घेण्याची वाट सर्वांत निर्धोक वाटते, कारण पैसे त्याचे आणि त्रासही त्याचा. मला मात्र हीच वाट सर्वांत जपून चालण्यासारखी वाटते. विकणाऱ्याला दिवा विझायला हवा असतो आणि घेणाऱ्याला एअरबॅग चालायला हवी असते. या दोन अपेक्षा एकच नाहीत. धाकट्या बहिणीसाठी मुलुंडला एक गाडी पाहिली, तेव्हा हा दिवा पेटलेला होता. चार दिवसांनी फोन आला की काम झाले. आम्ही पुन्हा गेलो, किल्ली फिरवली, तर तो दिवा क्षणभरही लागला नाही. दुरुस्त गाडीत तो काही सेकंद लागून मग विझायला हवा. मुळीच न लागणारा दिवा बहुधा काढलेला किंवा तोडलेला असतो. याहून फसवा प्रकार म्हणजे एअरबॅगच्या जागी छोटा रेझिस्टर, म्हणजे विद्युतरोध देणारा भाग, जोडणे. त्यात युनिटला सर्व काही जागेवर असल्याचा भास होतो, दिवा नियमाप्रमाणे लागतो आणि विझतो, आणि आत एअरबॅग नसते. म्हणून ही वाट धरायचीच असेल, तर काम अधिकृत सेंटरमध्येच झाले पाहिजे आणि बिलावर गाडीचा नंबर, बदललेल्या भागांची नावे आणि दुरुस्तीनंतरच्या स्कॅनचा निकाल असला पाहिजे.

येथे एक अपवाद लक्षात ठेवावा. नव्या गाड्यांना चालकापुढची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या आसनापुढची २०२१ मध्ये बंधनकारक झाली. त्याआधीच्या काही स्वस्त मॉडेलांत एअरबॅग मुळातच नसे, त्यामुळे दिवा न लागणे ही नेहमीच लबाडी नसते. स्टेअरिंगच्या मधोमध ‘एसआरएस’ किंवा ‘एअरबॅग’ अशी इंग्रजी अक्षरे आहेत का ते पाहावे आणि आरसीवरच्या मॉडेलशी ताडून घ्यावे.

किंमत उतरवून गाडी घेण्याची दुसरी वाट कारण कळलेले आणि मर्यादित असेल तर मला पहिलीपेक्षा चांगली वाटते. सैल कनेक्टर, क्लॉक स्प्रिंग किंवा बेल्टचे बकल असेल, तर अंदाजपत्रकाची रक्कम आणि पुढे निघू शकणाऱ्या मोठ्या कामासाठी काही जादा रक्कम, एवढी किंमत उतरवून घ्यावी. क्लॉक स्प्रिंग बदलल्यावर दुसरा दोष समोर येणे अशक्य नाही, आणि तोवर गाडी आपल्या नावावर झालेली असते. काम आपल्या डोळ्यांदेखत आणि आपल्या खात्रीच्या ठिकाणी होते, हा या वाटेचा मोठा लाभ आहे. एक मोह मात्र टाळावा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे भाग मिळतात. दरवाजा, आरसा, हेडलाइट तिथून आणायला हरकत नाही, पण एअरबॅग किंवा प्रीटेन्शनर कधीही आणू नये, कारण तो कोणत्या गाडीतून निघाला आणि पाण्यात होता का, हे बाहेरून कळत नाही. दुरुस्ती होईपर्यंत त्या गाडीत घरच्यांना बसवून एक्स्प्रेस वेवर जाऊ नये, हेही या वाटेच्या किमतीत धरले पाहिजे.

तिसऱ्या वाटेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. धडकेची नोंद, पाण्याच्या खुणा, एअरबॅग असलेल्या मॉडेलात न लागणारा दिवा किंवा स्कॅनला नकार, यांपैकी एकही गोष्ट असेल तर गाडी सोडावी. एअरबॅगा, प्रीटेन्शनर आणि युनिट असे सगळे बदलण्याचा खर्च जुन्या छोट्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा खातो, आणि पाणी शिरलेल्या वायरिंगचे काम तर संपल्यासारखे वाटूनही संपत नाही.

एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा पेटलेला असेल तर तुलना थोडी सौम्य होते. तिथे बहुधा चाकाजवळचा सेन्सर किंवा त्याची वायर खराब असते, साधे ब्रेक लागत राहतात आणि काम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर त्याची परीक्षा घेता येते. त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही असेल तर ट्रायल घेऊ नये. एअरबॅगची परीक्षा मात्र अपघातातच होते, त्यामुळे तिच्या बाबतीत कागदावरचा स्कॅन आणि अधिकृत सेंटरचे बिल एवढाच पुरावा राहतो.

दिवा व्यवस्थित लागून विझणाऱ्या गाडीचाही चासिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉलसाठी तपासावा. ताकाता कंपनीच्या सदोष इन्फ्लेटरमुळे, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागामुळे, भारतातही होंडा, टोयोटा आणि इतर कंपन्यांनी गाड्या परत बोलावल्या होत्या, आणि तो दोष दिवा दाखवत नाही. रिकॉलचे काम कंपनी विनामूल्य करून देते, त्यामुळे ते मालकाने विक्रीपूर्वीच उरकून द्यावे. त्यानंतर गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करण्याच्या दिवशी किल्ली फिरवून दिवा पुन्हा पाहावा आणि बाकीची रक्कम त्यानंतरच द्यावी.