जुन्या मराठी फायलींसाठी विंडोज ३.१ की विंडोज ९५?

छापखान्यातलं लोखंडी कपाट हलवताना मागच्या वर्षी फ्लॉप्यांचे सहा डबे हाती लागले. स्मरणिका, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, एका कादंबरीचा निम्मा मजकूर. सगळं युनिकोडच्या आधीच्या काळातलं. फाइल नुसती उघडली की पडद्यावर रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं, आणि त्यावर नेमका तोच फॉन्ट चढवला की मराठी. अशा फायली मूळ फॉन्ट आणि मूळ प्रोग्रामांसह बघायच्या तर जुनी विंडोज उभी करणं सगळ्यात सरळ. पण कोणती? हा प्रश्न मला आणखी दोघा-तिघांनी विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मेमरी किती, प्रोसेसर कोणता यात शिरत नाही. आजच्या कोणत्याही संगणकावर इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, दोन्ही पळतात. रोजच्या कामात फरक पडतो तो एकाच ठिकाणी: फाइलवर डबल-क्लिक केल्यावर ती कशात उघडणार हे ठरवायची सोय, आणि मेनूत आपली स्वतःची आज्ञा घालता येते की नाही.

सुरुवात मी ३.१ पासून केली, आणि ती वाईट होती असं अजूनही म्हणणार नाही. डॉसबॉक्स नावाच्या इम्युलेटरमध्ये ती पटकन बसते, आणि तिचा सी ड्राइव्ह म्हणजे आपल्याच संगणकावरचं एक साधं फोल्डर असतं. फायली आत टाकायच्या, बाहेर काढायच्या, मध्ये कसलीही कटकट नाही. फाइल मॅनेजरमध्ये फाइल निवडा, फाइल मेनूतलं ‘असोसिएट’ उघडा. एक्स्टेंशनची, म्हणजे फाइलच्या नावातली टिंबापुढची, तीन अक्षरं आधीच भरलेली असतात. खाली प्रोग्राम निवडला की काम संपलं. जोडणी झालेल्या फाइलच्या कागदावर बारीक ओळी दिसतात, न झालेल्या फाइलचा कागद कोरा दिसतो. दोनशे फायलींच्या यादीत अनोळखी कोण आहे ते या एका खुणेवरून कळतं. ही खूण मला फार आवडते.

शिवाय हे सगळं लिहिलेलं असतं विन.आयएनआय नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. त्यात ‘एक्स्टेन्शन्स’ असा एक भाग असतो. त्याखाली एका ओळीत डावीकडे टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलचं एक्स्टेंशन, मग बरोबरचं चिन्ह, पुढे नोटपॅड, आणि शेवटी फाइलच्या नावाच्या जागी एक टोपी (^). डोळ्यांनी वाचता येतं, हाताने दुरुस्त करता येतं, फ्लॉपीवर उतरवून दुसऱ्या यंत्रावर नेता येतं. माझ्यासारख्या माणसाला यात मोठा दिलासा वाटतो, कारण काय बिघडलं ते दिसतं.

मग ती सोडली का? टीएक्सटीमुळे.

आमच्या डब्यांत टीएक्सटी दोन जातीच्या निघाल्या. एक, प्रोग्रामांसोबत आलेल्या इंग्रजी माहितीच्या आणि आमच्याच लोकांनी इंग्रजीत लिहिलेल्या हिशेबाच्या टिपणांच्या. या नोटपॅडमध्ये उत्तम. दुसऱ्या, टायपिंग करणाऱ्या मुलींनी मराठी मजकूर नुसता उतरवून ठेवलेल्या. या नोटपॅडमध्ये उघडून उपयोग नाही, कारण त्या नोटपॅडमध्ये फॉन्ट बदलायची सोयच नाही. त्यांना ‘राइट’ हा विंडोजसोबतच येणारा लेखनाचा प्रोग्राम हवा. आणि ३.१ मध्ये एका एक्स्टेंशनला डबल-क्लिक एकच.

ठीक आहे, म्हटलं, मराठी जास्त आहेत, टीएक्सटी राइटला जोडू. तेव्हापासून प्रत्येक फाइल उघडताना राइट विचारू लागला: ही फाइल राइटच्या स्वरूपात बदलू का? ‘कन्व्हर्ट’, ‘नो कन्व्हर्जन’, ‘कॅन्सल’. प्रत्येक वेळी. एका दुपारी चाळीसेक फायली तपासताना हात सवयीने चालत होता. तीन ठिकाणी ‘कन्व्हर्ट’ दाबला गेला, एक-दोन शब्द दुरुस्त करून सेव्हही झालं. नाव तेच राहिलं, एक्स्टेंशनही टीएक्सटीच, पण आत आता साधा मजकूर नव्हता. आठवड्याने त्या फायली युनिकोडमध्ये न्यायला घेतल्या, तर सुरुवातीलाच निरर्थक चिन्हं आली आणि रूपांतर अडलं. मूळ फ्लॉप्या शाबूत होत्या म्हणून निभावलं. त्यातली एक फाइल गावच्या वाचनालयाच्या स्मरणिकेची होती, जिची छापील प्रत आता आमच्याकडेही नाही. ती गेली असती तर मला स्वतःला माफ करणं जड गेलं असतं.

यावर ३.१ मध्येही उपाय आहेत. मराठी फायलींना वेगळं एक्स्टेंशन द्यायचं, एमएआर किंवा तसं काही, आणि ते राइटला जोडायचं. पण राइटचा प्रश्न तरीही सुटत नाही, आणि डब्यावरच्या पेनाने लिहिलेल्या यादीशी फायलींची नावं जुळेनाशी होतात. मला ती यादी पुराव्यासारखी जपायची होती. फाइल उचलून प्रोग्रामच्या चिन्हावर टाकता येते, तेही चालतं, पण दर वेळी दोन खिडक्या शेजारी मांडून ठेवाव्या लागतात. फाइल मॅनेजरच्या मेनूत आपली आज्ञा घालायची वाट विनफाइल.आयएनआयमधून जाते, पण तिला डीएलएल, म्हणजे खास लिहिलेली प्रोग्रामची फाइल, लागते. ते प्रोग्रामरचं काम. आपल्यासारख्यांचं नव्हे.

९५ मध्ये हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलेला आहे. तिथे फाइलच्या प्रकाराला एक नाही, हव्या तितक्या आज्ञा देता येतात, आणि त्या उजव्या क्लिकच्या मेनूत दिसतात. माय कॉम्प्युटर उघडा, व्ह्यू मेनूत ऑप्शन्स, तिथे ‘फाइल टाइप्स’. यादीतून टेक्स्ट डॉक्युमेंट निवडा, एडिट दाबा, मग खाली ‘न्यू’. आज्ञेचं नाव मी रोमन अक्षरांत ‘मराठी’ असं दिलं. नावाआधी अँडचं चिन्ह टाकलं की पुढचं अक्षर अधोरेखित होतं आणि मेनू उघडल्यावर ती एक कळ दाबली तरी पुरते. प्रोग्रामच्या जागी वर्डपॅडचा, म्हणजे ९५ मध्ये राइटच्या जागी आलेल्या प्रोग्रामचा, पूर्ण पत्ता टाकला. तो सी ड्राइव्हवर प्रोग्राम फाइल्समधल्या ॲक्सेसरीज फोल्डरमध्ये असतो. पत्त्यात मोकळी जागा येते, म्हणून तो दुहेरी अवतरणात. त्यापुढे एक जागा सोडून टक्के आणि एक (%1), म्हणजे फाइलच्या नावाची जागा, तेही दुहेरी अवतरणातच. हे दुसरं अवतरण विसरू नका. नावात मोकळी जागा असलेली फाइल आली की त्याशिवाय नावाचे तुकडे होतात आणि फाइल सापडत नाही असं उत्तर येतं.

मेनूत ‘ओपन’ तसंच ठळक अक्षरांत वर राहिलं, डबल-क्लिकला नोटपॅडच उघडतं. मराठी फाइल दिसली की उजवं क्लिक, एम. वर्डपॅड काही विचारत नाही. टीएक्सटी टीएक्सटी म्हणूनच उघडते आणि तशीच सेव्ह होते. सगळं निवडून फॉन्ट बदलला की स्मरणिका समोर. आणि फाइल ६४ केबीच्या वर गेली तर ९५ मधलं नोटपॅड स्वतःच विचारतं, वर्डपॅडमध्ये उघडू का? ३.१ मधलं नोटपॅड फाइल मोठी आहे एवढं सांगून थांबतं.

९५ चे त्रासही सांगितले पाहिजेत, नाहीतर तुम्ही मला दोष द्याल. पहिला म्हणजे ती ‘फाइल टाइप्स’ची यादी. ती एक्स्टेंशननुसार लावलेली नाही, वर्णनानुसार लावलेली आहे. टीआयएफ ही चित्राची फाइल शोधायची तर टी खाली सापडेलच असं नाही. ज्या प्रोग्रामने ती आपल्याकडे घेतली, त्याने दिलेल्या नावाखाली ती असते. एकेका ओळीवर जाऊन खालच्या चौकटीत एक्स्टेंशन कोणतं ते बघत बसावं लागतं. ३.१ मध्ये तीन अक्षरं टाकली की उत्तर मिळायचं, त्याची इथे हटकून आठवण येते.

दुसरा त्रास जास्त खोल आहे. ९५ मध्ये आज्ञा एक्स्टेंशनला नव्हे, प्रकाराला चिकटलेल्या असतात. मी चित्रं बघायचा एक प्रोग्राम बसवला, त्याने न विचारता टीएक्सटीही आपल्या प्रकाराकडे वळवली, आणि माझी ‘मराठी’ आज्ञा मेनूतून नाहीशी झाली. ती पुसली गेली नव्हती, जुन्या प्रकाराखाली तशीच होती. फक्त टीएक्सटीचा तिच्याशी संबंध उरला नव्हता. हे कळायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली, कारण ९५ मध्ये हे सगळं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, असतं आणि ती विन.आयएनआयसारखी सहज वाचता येत नाही.

तरीही माझं झुकतं माप ९५ कडेच आहे. तुमच्या फायली बहुतेक पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रामच्या असतील, एका एक्स्टेंशनला एकच प्रोग्राम पुरत असेल, आणि फोल्डरमधून फायलींची ये-जा जास्त असेल, तर ३.१ घ्यायला माझी काही हरकत नाही. ९५ साठी डिस्कची प्रतिमा तयार करावी लागते, तो पहिला दिवस थोडा किचकट जातो. मी डॉसबॉक्स-एक्स वापरतो, ८६बॉक्सही चालेल. पण फायली मिसळलेल्या असतील, आणि बहुतेक छापखान्यांच्या तशाच असतात, तर ३.१ मध्ये हात कधीतरी चुकणार, असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं.

प्रकारांच्या यादीत हात घालायचा नसेल तर ९५ मध्ये आणखी एक सोपी वाट आहे. विंडोज फोल्डरमध्ये सेंडटू नावाचं फोल्डर असतं. त्यात वर्डपॅडचा शॉर्टकट टाका, झालं. कोणत्याही फाइलवर उजवं क्लिक करून ‘सेंड टू’मधून ती वर्डपॅडला देता येते, आणि कोणताही नवा प्रोग्राम ही वाट सहसा मोडत नाही. घाई असेल तर एवढ्यावरच थांबा.

आज्ञा घातल्याच, तर सगळं नीट लागल्यावर रेजएडिट हा रजिस्ट्री बघायचा प्रोग्राम उघडा. एचकी क्लासेस रूटखाली टिंबाने सुरू होणारी टीएक्सटी आणि टीएक्सटीफाइल या दोन फांद्या एक्स्पोर्ट करून ठेवा. तयार होणाऱ्या आरईजी फायली साधा मजकूरच असतात. कोणी जोडणी पळवली की त्यांच्यावर डबल-क्लिक करा, मेनूत ‘मराठी’ परत येते. मी त्या मराठी फॉन्टांसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत, कारण दुसरं यंत्र उभं करताना पहिल्या पाच मिनिटांत याच गोष्टी लागतात.