मॅक मिनी : २०१८चा इंटेल की २०२०चा एम१?

मॅक मिनी म्हणजे ॲपलचा छोटा, डब्यासारखा डेस्कटॉप संगणक. २०१८च्या मॉडेलमध्ये इंटेलची चिप, २०२०च्यात ॲपलची स्वतःची एम१. बाहेरून दोन्ही डबे जवळपास सारखेच. फरक आत आहे.

२०१८च्या मॉडेलची खरी जमेची बाजू म्हणजे रॅम बदलता येते, थेट ६४ जीबीपर्यंत. काम मात्र किचकट. खालचं झाकण काढलं की अँटेनाची पत्री लागते. तिची बारीक वायर न तुटता पंखा सोडवायचा आणि मग मदरबोर्ड मागून सरकवत बाहेर काढायचा. एसएसडी (डेटा साठवण्याची डिस्क) मात्र यातही बोर्डावरच पक्की. एम१मध्ये रॅमसुद्धा चिपसोबतच येते, कमाल १६ जीबी. म्हणजे घेतानाच काय तो विचार करा.

विजेच्या बाबतीत तुलनाच नाही. ॲपलच्याच आकड्यांनुसार नुसता चालू असताना जुना सुमारे २० वॅट खातो, एम१ जेमतेम ७. चोवीस तास सर्व्हर म्हणून ठेवणार असाल तर हे जाणवतंच.

विंडोज बूट कॅम्पवर (इंटेल मॅकवर विंडोज चालवायची ॲपलची सोय) चालवायचंय, बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडायचंय किंवा तीन मॉनिटर लावायचेत? मग जुनाच घ्या. पण मॅकओएस टाहो (मॅकची २०२५ची ऑपरेटिंग सिस्टीम) त्याच्यावर चढत नाही, एम१वर चढतं. रोजच्या कामासाठी मी डोळे झाकून एम१ घेईन, फक्त ८ जीबीवाला नको.