२०० येईपर्यंत थांबायचंय: ॲन्सिबलचं अनटिल, कर्लचं रिट्राय की बॅशचा लूप?

सर्व्हिस रिस्टार्ट केली, आता तिचा हेल्थ यूआरएल (सर्व्हिस ठीक आहे का ते सांगणारा पत्ता) २०० हा 'सगळं ठीक' सांगणारा स्टेटस कोड देईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढचं काम सुरू करायचं, एवढी साधी गरज आणि त्यासाठी पर्याय मात्र ढीगभर. सगळ्यांची सुरुवात स्क्रिप्टमधे स्लीप ६०, म्हणजे साठ सेकंद नुसतं थांब, असं टाकूनच होते, माझीही झाली, आणि ते बरेच दिवस चालतंही, मग एक दिवस ॲप उठायला सत्तर सेकंद घेतं आणि मायग्रेशनची (डेटाबेसची रचना बदलायची) पायरी अर्धवट उठलेल्या सर्व्हिसवर जाऊन आपटते. बाकीच्या दिवशी ॲप बारा सेकंदांत तयार असतं आणि आपण उरलेले अठ्ठेचाळीस सेकंद स्क्रीनकडे बघत बसतो. म्हणून स्लीप सोडूनच देऊ. खरी निवड तिघांत आहे: ॲन्सिबलचं (अनेक सर्व्हरवर कामं चालवणारं टूल) अनटिल, कर्लचं (यूआरएलला रिक्वेस्ट मारणारी कमांड) स्वतःचं रिट्राय, आणि हाताने लिहिलेला बॅशचा (लिनक्सची कमांड-स्क्रिप्ट) लूप. पायथन आणि तयार वेट कमांड यांचंही बोलतो पण थोडक्यात.

त्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या, अर्धा निकाल तिथेच लागतो. तुम्हाला फक्त स्टेटस कोड बघायचाय की रिस्पॉन्सच्या आतलं काहीतरी? हेल्थ चेकला कोड पुरतो. पण एखादा बॅकअपचा किंवा रिपोर्टचा जॉब एपीआयला (प्रोग्रामने प्रोग्रामशी बोलायची खिडकी) दिला असेल तर तो बहुतेक वेळा २०२, म्हणजे 'काम घेतलं', देऊन जॉबचा आयडी हातात ठेवतो, आणि त्या आयडीचं स्टेटस विचारलं की दरवेळी २०० च येतो, खरं उत्तर आत जेसनमधे (फील्ड आणि किंमत अशा जोड्यांचा मजकूर) असतं, रनिंग, डन, फेल्ड असं काहीतरी. तिथे कोड बघून काहीच कळत नाही.

कोडच बघायचा असेल आणि एकच यूआरएल असेल तर कर्ल घ्या, दुसरं काही नको. रिट्राय ऑप्शनला आकडा दिला की कर्ल स्वतःच पुन्हा पुन्हा जातं, पण कधी जातं ते नीट माहीत पाहिजे: टाइमआउट झाला किंवा ४०८, ४२९, ५००, ५०२, ५०३, ५०४ यातला एखादा तात्पुरत्या अडचणीचा कोड आला तर. कनेक्शन रिफ्यूज्ड, म्हणजे पलीकडून जोडणीलाच नकार, यात धरलेलंच नाही! आणि नुकत्याच रिस्टार्ट केलेल्या सर्व्हिसकडून सगळ्यात आधी तेच येतं, त्यामुळे लोक रिट्राय टाकतात, पहिल्याच फटक्यात कर्ल हात वर करतं, आणि मग हे चालतच नाही म्हणून बोंब. त्यासाठी रिट्राय-कनरिफ्यूज्ड हा वेगळा ऑप्शन द्यावा लागतो. ४०४ (सापडलं नाही) वरही परत जायला हवं असेल तर रिट्राय-ऑल-एरर्स, तो कर्लच्या ७.७१.० आवृत्तीपासून आहे म्हणजे २०२० पासून, जुन्या सर्व्हरवर नसू शकतो, आणि त्याच्या जोडीला फेल ऑप्शन लागतोच नाहीतर कर्लच्या लेखी ४०४ ही सुद्धा यशस्वी भेटच असते.

दुसरा खड्डा वेळेचा. डिले सांगितला नाही तर कर्ल पहिल्यांदा १ सेकंद थांबतं, मग २, मग ४, असं दुप्पट करत जातं, जास्तीत जास्त १० मिनिटांपर्यंत. ऐकायला छान वाटतं पण रिट्राय १० दिलं तर नुसतं थांबणं मिळून १०२३ सेकंद होतं, म्हणजे सतरा मिनिटं. शेवटच्या दोन प्रयत्नांमधे साडेआठ मिनिटांचा खंड पडतो, सर्व्हिस मधेच केव्हातरी उठून बसलेली असते आणि कर्लला पत्ताच नाही. डिप्लॉयच्या कामाला रिट्राय-डिले ५ असं सरळ सांगून टाकावं आणि वर रिट्राय-मॅक्स-टाइम लावावा. हा मॅक्स-टाइम नवीन प्रयत्न सुरू करायला बंदी घालतो, चालू असलेली रिक्वेस्ट तोडत नाही, ती तोडायला प्रत्येक रिक्वेस्टचा वेगळा मॅक्स-टाइम द्यायचा. चार-पाच ऑप्शन झाले, मान्य आहे, पण ओळ एकच आणि बऱ्याचशा लिनक्स मशीनवर कर्ल आधीच पडलेलं असतं.

ॲन्सिबलचं गणित वेगळं आहे. तिथे यूआरआय मॉड्यूलचा (रिक्वेस्ट मारणाऱ्या तयार भागाचा) टास्क, उत्तर साठवायला रजिस्टर, मग अनटिलमधे अट, रिट्राइज आणि डिले. अट काहीही असू शकते, कोड, जेसनमधलं एखादं फील्ड, दोन्ही मिळून, आणि ते वाचायलाही सोपं, सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी प्लेबुक (ॲन्सिबलच्या टास्कची फाइल) उघडलं तरी कळतं की इथे कशाची वाट बघतोय. आकडे दिले नाहीत तर रिट्राइज ३ आणि डिले ५ सेकंद धरला जातो, म्हणजे पंधराएक सेकंदांत खेळ खल्लास, जावाचं जरा जाडजूड ॲप तोवर लॉगची पहिली पानंच छापत असतं. म्हणून आकडे लिहायचेच.

आणि लिहिताना यूआरआयचा टाइमआउट विसरायचा नाही, तो डिफॉल्ट ३० सेकंदांचा आहे. रिट्राइज ३० आणि डिले १० लिहून आपण मनात पाच मिनिटं धरतो. सर्व्हिस सरळ बंद असेल तर ते बरोबर आहे, नकार लगेच येतो. पण ती कनेक्शन घेऊन गप्प बसली, डेटाबेसची वाट बघत वगैरे, तर प्रत्येक प्रयत्नाला ३० अधिक १०, म्हणजे वीस मिनिटं. हे मी प्रत्यक्ष भोगलंय, रात्री साडेअकराला, मेंटेनन्स विंडो अर्ध्या तासाची होती. तेव्हापासून टाइमआउट ५ लिहिल्याशिवाय मी यूआरआयचा टास्क पुढे जाऊ देत नाही.

ॲन्सिबलची खरी ताकद एका यूआरएलला दिसतच नाही, ती दिसते आठ-दहा सर्व्हर एकामागून एक अपडेट करताना. सिरियल १ (एका वेळी एकच सर्व्हर) ठेवा, रिस्टार्टनंतर अनटिलचा टास्क ठेवा, एका सर्व्हरवर २०० नाही आला तर प्ले तिथेच थांबतो आणि पुढच्या सर्व्हरला हातच लागत नाही. हेच बॅशमधे करायला गेलात तर सर्व्हरची यादी, एसएसएच, कोण फेल झालं याचा हिशोब, सगळं स्वतः लिहा, आणि लिहून झाल्यावर कळतं की आपण एक गचाळ ॲन्सिबल बनवलंय. अजून एक, यूआरआयचा टास्क मुळात त्या रिमोट सर्व्हरवरूनच रिक्वेस्ट मारतो, म्हणजे लोकलहोस्टवर विचारलं तर सर्व्हिस जिवंत आहे एवढंच कळतं, फायरवॉलच्या बाहेरून दिसते का ते नाही. बाहेरून बघायचं असेल तर डेलिगेट करून आपल्या मशीनवरून विचारा. मी दोन्ही विचारतो, आधी आतून मग बाहेरून, बिघाड कुठे आहे ते लगेच समजतं.

पण अनटिल ब्लॉकवर लागत नाही, फक्त एकेका टास्कवर. म्हणजे आधी टोकन (एपीआयची तात्पुरती किल्ली) आणा मग स्टेटस विचारा अशा दोन पायऱ्या मिळून रिपीट करायच्या असतील तर पंचाईत. लोक एक टास्क फाइल स्वतःलाच पुन्हा इन्क्लूड करते असा जुगाड करतात, चालतो, पण वाचवत नाही. आणि हा काही दुर्मिळ प्रकार नाही, चाळीस मिनिटांचा जॉब आणि पंधरा मिनिटांचं टोकन अशी जोडी असली की सोळाव्या मिनिटापासून नुसते ४०१ (ओळख पटली नाही) येत राहतात आणि अनटिल बिचारं शेवटपर्यंत विचारत राहतं.

(नवीन माणसाला आधीच सांगून ठेवा की अनटिल थांबलेलं असताना स्क्रीनवर फेल्ड, रिट्राइंग अशा ओळी येतात आणि ते नॉर्मल आहे. एकाने घाबरून मधेच कंट्रोल-सी मारलेलं आहे.)

टोकन मधेच संपतं अशा ठिकाणी बॅशचा लूप बरा. योगायोग असा की तिथेही कीवर्डचं नाव अनटिलच. कर्लला फक्त कोड छापायला सांगायचं, तो २०० होईपर्यंत स्लीप ५, झालं, आणि टोकन आणायची ओळ लूपच्या आतच टाकली की वरचा प्रश्न मिटला. सर्व्हर उचलतच नसेल तर कर्ल कोड म्हणून ००० छापतं, तेव्हा नंबरासारखी नाही, स्ट्रिंग म्हणून तुलना करा. स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट-ई (कमांड फेल झाली की स्क्रिप्ट थांबवणारी सेटिंग) असेल तर अजून एक गंमत: लूपच्या आत कर्लचं उत्तर व्हेरिएबलमधे घेतलंत तर कनेक्शन रिफ्यूज्ड झाल्यावर कर्ल ७ हा एरर कोड घेऊन बाहेर पडतं आणि अख्खी स्क्रिप्ट तिथेच मरते, तीच गोष्ट अनटिलच्या अटीत लिहिली तर काही होत नाही. या असल्या बारक्या गोष्टींमुळेच बॅशचा लूप पाच ओळींचा दिसतो आणि नीट चालेपर्यंत पंचवीस ओळींचा होतो.

सगळ्यात मोठा धोका म्हणजे बॅशच्या लूपला शेवटच नसतो, तो आपण द्यायचा असतो. सेकंड्स नावाचं व्हेरिएबल बॅश स्वतःच मोजत असतं, ते ३०० च्या वर गेलं की एक्झिट १, एवढी एक अट तरी टाका. नाही टाकली आणि सीआयमधे (चाचण्या आणि डिप्लॉय आपोआप चालवणारी यंत्रणा) लूप अडकला तर तो पाइपलाइनच्या मर्यादेपर्यंत चालत राहतो, गिटहब ॲक्शन्समधे ती वेगळी दिली नाही तर ३६० मिनिटं असते, आणि प्रायव्हेट रेपो असेल तर ती मिनिटं तुमच्या कोट्यातून जातात. जेनकिन्स या दुसऱ्या सीआय टूलमधलं वेट-अनटिलही तसंच, दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढवत १५ सेकंदांपर्यंत नेतं पण किती वेळा याला मर्यादा नाही, भोवती टाइमआउटचा ब्लॉक आपणच गुंडाळायचा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. टूल कुठलंही घ्या, बहुतेकांची अट चुकीचीच असते. आपण लिहितो "डन होईपर्यंत विचार". एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत दर दहा मिनिटांनी "गाडी लागली का" विचारणारा माणूस आठवा, आतला म्हणतो नाही, तो परत बाकावर. गाडी रद्द झालेली असते. त्याने ते विचारलंच नाही, त्यामुळे कोणी सांगितलंही नाही. जॉब तिसऱ्या सेकंदाला फेल्ड झालेला असतो आणि आपलं प्लेबुक पुढची वीस मिनिटं डनची वाट बघतं, आणि शेवटी एरर काय देतं तर टाइमआउट! मग सगळे नेटवर्क तपासत बसतात.

या एका मुद्द्यावर तिघांना शेजारी ठेवलं तर कर्ल इथे बादच होतं, त्याला आतलं दिसत नाही. ॲन्सिबलमधे अट "डन किंवा फेल्ड होईपर्यंत" अशी लिहायची आणि फेल्ड-व्हेनमधे (टास्क कधी फेल धरायचा ते सांगायची जागा) फेल्डची अट द्यायची, मग फेल झाल्याबरोबर टास्क लाल होतो. फक्त सर्व्हिस उचलत नसेल तेव्हा जेसन नावाची गोष्टच रिझल्टमधे नसते, डिफॉल्ट फिल्टर (नसलेल्या गोष्टीच्या जागी ठरलेली किंमत देणारा) लावला नाही तर अटच फुटते आणि वाट बघणं राहिलं बाजूला. बॅशमधे जेक्यू (जेसन वाचणारी कमांड) वापरून केसमधे तीन फांद्या: डन, फेल्ड, बाकी काहीही. मला यात ॲन्सिबल जास्त आवडतं. पण फांद्या चारपेक्षा वाढल्या तर दोन्ही सोडून पायथन घ्या, टेनॅसिटी लायब्ररीत रिझल्ट बघून रिट्राय करता येतं, किती वेळ थांबायचं तेही सांगता येतं. तेही सांगायलाच लागतं, कारण नुसतं तिचं डेकोरेटर (फंक्शनच्या वर लिहायची ओळ) लावलं तर एक्सेप्शन आल्यावर ती न थांबता अनंतकाळ प्रयत्न करते.

उलट वाट बघायची असेल, म्हणजे एखादी गोष्ट डिलीट होऊन ४०४ येईपर्यंत, तर कर्लचं रिट्राय तिथेही कामाचं नाही, त्याला अपयशावर परत जायचं माहीत आहे, यशावर नाही. ॲन्सिबलमधे स्टेटस-कोडच्या यादीत ४०४ टाका नाहीतर जे हवंय ते मिळूनही टास्क फेलच दाखवेल.

अजून एक ठेच, यात टूलचा दोष नाही. एकदा रिस्टार्ट दिल्यावर पहिल्याच सेकंदाला २०० आला आणि आम्ही खूश. तो जुन्या प्रोसेसचा २०० होता, ती अजून मेलीच नव्हती. नवी आली ती कॉन्फिगच्या चुकीने पडली, आणि पाइपलाइन हिरवीगार. तेव्हापासून हेल्थच्या रिस्पॉन्समधे व्हर्जन नंबर ठेवलाय आणि अट आहे ती २०० अधिक नवीन व्हर्जन. हे करायचं ठरलं की कोड पुरत नाही, म्हणजे कर्ल पुन्हा बाद, हे ध्यानात घेऊनच निवडा.

एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनचं क्लाउड) असाल तर आधी त्यांची वेट कमांड बघा. इन्स्टन्स (क्लाउडमधला सर्व्हर) रनिंगची वाट बघणारी दर १५ सेकंदांनी विचारते, ४० वेळा, म्हणजे दहा मिनिटं, नाहीच झालं तर २५५ देऊन बाहेर. मर्यादा आधीच घातलेली, फुकटात. कुबरनेटीसवर (कंटेनर चालवणारी यंत्रणा) कुबसीटीएल वेट आहे, त्याचा टाइमआउट मात्र डिफॉल्ट ३० सेकंदच, तो वाढवा. पण इन्स्टन्स रनिंग म्हणजे तुमचं ॲप रनिंग नव्हे, त्यामुळे हेल्थ यूआरएलचा लूप काही टळत नाही.

रिपीट काय करताय तेही बघा. स्टेटस विचारणारा गेट (नुसती माहिती मागणारी रिक्वेस्ट) शंभर वेळा मारला तरी कोणाचं काही जात नाही, पण जॉब सुरू करणारा पोस्ट (काहीतरी करायला सांगणारी रिक्वेस्ट) रिट्रायमधे ठेवलात आणि ५०४ (वेळेत उत्तर नाही) आला, तर पलीकडे जॉब कदाचित सुरू झालेला असतो आणि कर्ल निमूट दुसरा सुरू करून मोकळं होतं. पोस्ट एकदाच मारा, आयडी घ्या, आणि लूप फक्त आयडीवर फिरवा. दुसऱ्याची सर्व्हिस असेल तर दर सेकंदाला विचारू नका, ४२९ (फार वेळा विचारताय) येईल, आणि त्याच्यासोबत रिट्राय-आफ्टर हेडर (किती वेळाने परत यायचं ते सांगणारी ओळ) आला तर तो पाळा, ७.६६.० पासूनचं कर्ल स्वतःहून पाळतं, ॲन्सिबलचा डिले ठरलेला तेवढाच राहतो.

तर तुमच्याकडे प्लेबुक आधीच असतील तर बाहेर जाऊ नका, अनटिलच वापरा. सीआयमधे एकच यूआरएल आणि फक्त कोड असेल तर कर्ल, वरच्या चार-पाच ऑप्शनसकट. टोकन संपणारं असेल तर बॅश. आणि कुठलंही घेतलंत तरी हार मानायच्या आधी शेवटचा आलेला कोड आणि बॉडी लॉगमधे छापायची ओळ टाका, पहाटे तीनला उठवलेल्या माणसाला नुसतं "टाइमआउट झाला" वाचून काय करायचं ते कळत नाही.