तळघरातली ओल: चौदा महिन्यांचा हिशोब, लिटरमध्ये

डिह्युमिडिफायर (हवेतली ओल पाणी करून काढणारं मशीन) घेऊन चौदा महिने झाले. पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर मशीनला पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. तेव्हा लिहिलं नाही हे बरंच झालं. मशीन चांगलंच आहे, पण त्याने मला जे दिलं त्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट कोरडी हवा नव्हती. ती होती एक वही. रोज सकाळी, किती लिटर पाणी निघालं याची नोंद असलेली.

आधी जागा सांगतो. तळघर साधारण २५ चौरस मीटर, उंची २.४ मीटर, तीन भिंती मातीत, काँक्रीटच्या. चौथ्या बाजूला घराचा वाढीव भाग आहे. त्याच्या खाली जेमतेम अडीच फूट उंचीची पोकळी, खाली उघडी माती. तळघरात आमची पुस्तकं, हत्यारं आणि 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेलं सगळं. कुबट वास तर असा की खालून वर आलेल्या माणसाच्या शर्टावरून कळायचं हा कुठे होता ते.

मशीनच्या आधी मी केलेला शहाणपणा म्हणजे आतून वॉटरप्रूफ रंग. दोन हात मारले, भिंत चकाचक. चौथ्या महिन्यात पूर्वेच्या भिंतीवर फोड आले. एक फोड नखाने फोडला तर आतून चमचाभर पाणी आणि पांढरी भुकटी. ही भुकटी म्हणजे लोणा. पाणी काँक्रीटमधले क्षार विरघळवून बाहेर आणतं, पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागावर स्फटिक होऊन बसतात आणि रंगाला मागून ढकलतात. शिवाय भिंतीमागे पाणी साचलं असेल तर त्याचा दाब येतो तो वेगळाच. एक मीटर पाणी उभं राहिलं तर तळाशी दर चौरस मीटरला जवळपास एक टन. त्यापुढे रंगाचा पापुद्रा काय टिकणार? (लोणा आणि बुरशी यांत गोंधळ होत असेल तर पाण्याचा थेंब टाका. लोणा बहुतेक वेळा विरघळतो, बुरशी जागची हलत नाही.)

मग मशीन आलं. खोक्यावर 'दिवसाला २० लिटर' लिहिलेलं. बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की हा आकडा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेचा. आमचं तळघर २१-२२ अंशांचं, तिथे साडेनऊच्या वर कधी गेलं नाही. ही फसवणूक नाही, पण खरेदी करताना हे गृहीत धरा. गार जागेत कॉम्प्रेसरवाल्या मशीनचा दम कमी पडतो. थंडीच्या दिवसांत तर कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळवण्यात त्याचा वेळ जातो. आवाज जुन्या फ्रिजसारखा. खाली ठेवलंय म्हणून चालतं, झोपायच्या खोलीत नसतं चाललं. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुतो, एकदा विसरलो तर उपसा लगेच घटला. आतली टाकी चार लिटरची, भरली की मशीन आपोआप बंद. पहिल्याच रात्री दोनला भरली आणि सकाळपर्यंत मशीन गप्प. म्हणून मागच्या तोंडाला नळी लावली आणि ती खुणा केलेल्या २० लिटरच्या कॅनमध्ये सोडली. थेट मोरीत सोडली असती तर ही वही झालीच नसती.

आठ दिवस साडेनऊ लिटर, नऊ लिटर, साडेनऊ लिटर लिहिल्यावर एका संध्याकाळी सहज गणित मांडलं. २२ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १९ ग्रॅमच्या आसपास वाफ धरते. माझ्या तळघरात ६० घनमीटर हवा. म्हणजे ती पूर्ण भिजलेली असली तरी तिच्यात जेमतेम सव्वा लिटर पाणी. आणि मी रोज साडेनऊ काढतोय! म्हणजे मी हवा कोरडी करत नव्हतो. कुठून तरी येणारं पाणी विजेवर उपसत होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पाणी येतंय कुठून हे शोधायला जी चाचणी केली ती सगळ्यात आधी करायला हवी होती, आणि तिला घरात पडलेलं प्लॅस्टिक पुरतं. दीड-दोन फुटांचे जाड प्लॅस्टिकचे चौकोन कापले, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करून भिंतींवर आणि जमिनीवर लावले, दोन दिवस ठेवले. पूर्वेच्या भिंतीवर थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे पाणी भिंतीतून. उत्तरेच्या भिंतीवर आत खडखडीत कोरडं आणि थेंब बाहेरच्या बाजूला! म्हणजे ती भिंत पाझरत नव्हतीच. खोलीतली दमट हवा गार भिंतीला लागून घाम येत होता. इतके महिने मी दोन्ही भिंतींना एकच आजार समजत होतो.

त्या घामाचं कारण मी आणि बाबा दोघेही होतो. बाबांचं ठाम मत, खिडक्या उघड्या ठेव, वारा खेळू दे. पावसाच्या महिन्यांत नेमकं हेच उलटं पडतं. बाहेर ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊन बसू लागते तो, २४ अंशांच्या जवळ जातो. आमची भिंत २१ ची. वारा आत यायचा तो पाणी घेऊनच. बाबांना आकडे पटले नाहीत. म्हणून दोन आर्द्रतामापक आणले, एक खाली, एक बाहेर, आणि आठवडाभर खिडक्या बंद ठेवल्या. साडेनऊचे सात झाले. "हं," म्हणाले. बाबांच्या भाषेत हे मान्य केल्यासारखंच. कोरड्या दिवसांत खिडक्या उघडायला माझी हरकत नाही, फक्त आधी बाहेरचा दवबिंदू बघतो.

आता पूर्वेची भिंत. एका मुसळधार दुपारी छत्री घेऊन बाहेर जाऊन उभा राहिलो, बस्स, निदान झालं. छताच्या त्या बाजूचा पन्हळीचा पाइप भिंतीच्या अगदी पायथ्याशी सुटत होता आणि तिथली माती खचून तिचा ढाळ घराकडेच झाला होता. छताचा तो भाग ६० चौरस मीटर. १० मिलिमीटर पाऊस पडला की ६०० लिटर पाणी, सगळं एका कोपऱ्यात. मी आत रंग मारत होतो आणि बाहेरून घरच भिंतीला पाणी पाजत होतं. पाइप दोन मीटर लांब नेला. पाऊस थांबल्यावर चिकण माती ठासून पहिल्या तीन मीटरला १५ सेंटिमीटर उतार दिला. शेजारी फुलझाडांचा वाफा होता तो हलवला, यावरून घरात दोन दिवस अबोला. दोन आठवड्यांत वही सातावरून साडेचारवर. सगळ्या कामांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक हेच.

पोकळीचं काम मात्र कुणाला करायला सांगणार नाही, स्वतःच्या गुडघ्यांवर प्रेम असेल तर. रांगत जाऊन, दगड वेचून, ०.१५ मिलिमीटर जाडीची पॉलिथिन शीट अंथरली. जोडाला १५ सेंटिमीटर एकावर एक, वर चिकटपट्टी, कडा भिंतीवर चढवून पट्टीने दाबल्या. उघडी माती वरून कोरडी दिसली तरी सतत वाफ सोडत असते. दुसऱ्या दिवशी शीटच्या खालून हात फिरवला तर मोती पसरावेत तसे थेंब. साडेचारचे अडीच.

भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथून बारीक झिरपा राहिला होता. तो सांधा छिन्नीने खोदून झटपट सेट होणारं सिमेंट दाबलं. हे तीन ते पाच मिनिटांत घट्ट होतं, त्यामुळे मूठभरच कालवा. मी पहिल्यांदा अर्धी बादली कालवली आणि एक छान दगड तयार केला. वर वाटा (सांध्यावर सिमेंटचा गोलसर उतार) मारून भिंतीला स्फटिकं तयार करणारा सिमेंटचा लेप दिला. हा काँक्रीटच्या छिद्रांत पाण्याशी प्रक्रिया करून आत स्फटिकं वाढवतो, म्हणून भिंत ओली करूनच लावायचा आणि दोन-तीन दिवस ओली ठेवायची. रंगावर किंवा विटांवर त्याचा उपयोग नाही. मला माझाच रंग खरवडून काढायला चार रविवार लागले.

खड्डा करून छोटा पंपही बसवलाय, उपसलेलं पाणी मागे येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसकट. एकदा त्याचा फ्लोट (पाणी चढलं की पंप सुरू करणारा तरंगता गोळा) वायरमध्ये अडकला होता, तेव्हापासून महिन्याला एक बादली ओतून तो सुरू होतो का बघतो. बॅटरी बॅकअप अजून घेतलेला नाही आणि हे चुकतंय, कारण मोठा पाऊस आणि वीज जाणं बरोबरच येतं.

मग मशीन घ्यावं का? घ्या, पण चाचणी आणि पन्हळ आधी. आमच्याकडे ते आता ५५ टक्के आर्द्रतेवर लावलेलं असतं आणि दिवसातले थोडेच तास चालतं. हे दुसरे पावसाचे महिने. गेल्या आठवड्यातल्या नोंदी १.४, १.६, संततधार होती त्या दिवशी २.१. वास गेलाय. पूर्वेचा कोपरा अजून हाताला गार आणि किंचित ओलसर लागतो, तिथे पुठ्ठ्याची खोकी ठेवत नाही. प्लॅस्टिकचा एक चौकोन तिथे परत चिकटवलाय, परवा काढून बघेन.