आल्प्सच्या खाणीतला ओपल घ्यायचा, तर कोणता?

दख्खनच्या बेसॉल्टमधील अपोफिलाइट, स्टिल्बाइट आणि कॅल्सेडनी (सूक्ष्मकणी गारगोटी) या खनिजांनी कपाट भरले, की आपल्याकडच्या संग्राहकाची नजर युरोपाकडे वळते, आणि आल्प्समधील धातुकसाठ्यांतला, म्हणजे धातू देणाऱ्या खनिजांच्या साठ्यांतला, ओपल कधी ना कधी यादीवर येतो. ज्यांना शुक्राचे रत्न म्हणून तो अंगठीत बसवायचा आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये. येथील ओपल जवळजवळ नेहमीच साधा, म्हणजे रंगक्रीडा (हलवल्यावर चमकणारे बदलते रंग) नसलेला असतो. तो घ्यायचा तो ज्या खडकात बसला आहे त्या खडकासाठी, आणि म्हणून निवड करताना ओपलच्या रंगापेक्षा त्याच्या शेजारची खनिजे आधी पाहावीत, असे माझे मत आहे.

याचे कारण ओपलच्या घडणीत आहे. ओपल म्हणजे पाणी धरून ठेवलेली सिलिका. हे पाणी बहुधा ३ ते १० टक्के असते आणि गारगोटीसारखी पक्की स्फटिकरचना त्यात नसते. उष्णता, दाब आणि पुरेसा काळ मिळाला, की ओपलची हळूहळू गारगोटी होते. आल्प्स उभे राहताना तेथील खडक खोलवर दाबले आणि भाजले गेले, त्यातून जुना ओपल तगणे अवघडच होते. त्यामुळे आज या खाणींत जो दिसतो, तो बहुतेक मागाहून आलेला, म्हणजे खडक पुन्हा वर येऊन थंड झाल्यावर जमिनीलगत मुरणाऱ्या पाण्याने भेगांत आणि पोकळ्यांत आणून ठेवलेला असतो. धातुक आधीचे, ओपल नंतरचा.

पहिला पर्याय लोखंडाच्या खाणीतला. ऑस्ट्रियाच्या कारिंथिया प्रांतातील ह्युटेनबर्गच्या डोंगरात संगमरवरात सिडेराइटचे साठे आहेत. रोमन काळापासून नावाजलेले नोरिकम या प्रांताचे लोखंड या परिसराशी जोडले जाते आणि येथील खाणकाम १९७८ मध्ये थांबले. सिडेराइट म्हणजे लोहाचे कार्बोनेट. वरच्या थरात हवा आणि पाणी लागून त्याचे तपकिरी लिमोनाइट झाले, या बदलात पोकळ्या राहिल्या आणि त्यांच्या भिंतींवर सिलिकेची पुटे चढली. येथील खरा मानकरी मात्र निळसर कॅल्सेडनी आहे. ओपल तिच्या सोबतीला, पातळ, काचेसारखा किंवा दुधी येतो. काळपट तपकिरी लिमोनाइटवर तो उठून दिसतो हे खरे, परंतु नमुन्यावर ‘ओपल’ लिहिलेले असूनही हातात कॅल्सेडनीच येण्याची शक्यता येथे बरीच असते.

दुसरा पर्याय सर्पेंटिनाइटमधला, म्हणजे मुख्यतः सर्पेंटाइन या खनिजाच्या बनलेल्या खडकातला, आणि माझा कल उघडपणे याच्याकडे आहे. स्टायरियामध्ये मूर नदीच्या खोऱ्यातील क्राउबाट येथे पूर्वी क्रोमाइट (क्रोमियमचे धातुक) आणि मॅग्नेसाइट (मॅग्नेशियमचे कार्बोनेट) काढले जाई. सूक्ष्मकणी मॅग्नेसाइटच्या अशा साठ्यांना भूशास्त्रात ‘क्राउबाट प्रकार’ हेच नाव पडले आहे. आल्प्सच्या दुसऱ्या टोकाला, इटलीच्या पिएमाँते प्रांतात, बाल्दिसेरो कानावेसे आणि कासेलेत्ते येथेही सर्पेंटिनाइटमध्ये मॅग्नेसाइट आणि ओपल अशी जोडी आढळते. बाल्दिसेरोचे मॅग्नेसाइट अठराव्या शतकात व्हिनोव्हो येथील पोर्सिलेनच्या कारखान्यात वापरले जात होते. सर्पेंटाइनमध्ये मॅग्नेशियम आणि सिलिका एकत्र बांधलेली असतात. कार्बन डायऑक्साइड मिसळलेले पाणी भेगांतून फिरले, की मॅग्नेशियमचे मॅग्नेसाइट होते आणि मोकळी झालेली सिलिका ओपल किंवा कॅल्सेडनी म्हणून जवळपासच साचते. तळहातावर मावणाऱ्या एखाद्या चांगल्या तुकड्यात ही सगळी हकिगत डोळ्यांना दिसते: एका बाजूला हिरवट काळा सर्पेंटिनाइट, मध्ये फुटक्या कपाच्या कडेसारखे मंद पांढरे मॅग्नेसाइट आणि त्यातून गेलेली ओपलची किंचित मेणचट चकाकीची रेघ. ओपल कोठून आला हे विचारायला पुस्तक उघडावे लागत नाही.

येथे फसगतही होते. मी विकत घेतलेला पहिला ‘पिएमाँतेचा पांढरा ओपल’ पोलादी चाकूने सहज ओरखडला गेला. ते निव्वळ मॅग्नेसाइट होते. ओपलची कठिनता मोह्सच्या दहा अंकी मापावर ५.५ ते ६.५ असते, म्हणून चाकू त्याच्यावर सहसा चालत नाही. शंका उरलीच, तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा: मॅग्नेसाइट थंड आम्लात जेमतेम दाद देते, आम्ल कोमट केल्यावर मात्र फसफसते, ओपल दोन्ही वेळा स्वस्थ राहतो. सच्छिद्र ओपल जिभेला चिकटतो ही जुनी खूण खरी आहे, पण ती ह्युटेनबर्गच्या नमुन्यावर वापरू नये. शेजारच्या लोलिंग गावावरून ज्याला नाव मिळाले, ते लोलिंगाइट हे लोह आणि विषारी आर्सेनिकचे खनिज त्याच खाणींतले आहे. सर्पेंटिनाइटचा धोका वेगळा: त्यात क्रायसोटाइल, म्हणजे ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात, त्यामुळे तो कोरडा कापू किंवा घासू नये.

रंगक्रीडा हवीच असेल, तर आल्प्स सोडून त्याच पर्वतमालिकेच्या पूर्वेकडील कार्पेथियन भागात, स्लोव्हाकियातील दुबनिककडे जावे लागते. तेथील ओपल अँडेसाइट या ज्वालामुखीजन्य खडकातला आहे. १७७५ मध्ये तेथे सापडलेला ५९४ ग्रॅमचा प्रसिद्ध ओपल व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. खाण १९२२ मध्ये बंद पडली असल्याने बाजारात फिरतात ते बहुधा जुन्या संग्रहांतले तुकडे, आणि किंमत अर्थातच रत्नाच्या हिशेबाने लावली जाते.

सांभाळण्याच्या बाबतीत सर्वांना एकच नियम लागू आहे. ओपलमधले पाणी उडाले, की त्यावर बारीक तडे जातात. पुण्याच्या एप्रिलमधली कोरडी हवा किंवा प्रदर्शनाच्या कपाटातला तापणारा दिवा त्याला पुरेसा होतो. लिमोनाइटवरचे पातळ पूट सर्वांत नाजूक, म्हणून ह्युटेनबर्गचा नमुना बंद डबीतच ठेवावा. घेताना लेबल मात्र नीट वाचावे: ‘ओपल, ऑस्ट्रिया’ एवढ्यावर पैसे देऊ नयेत. खाण, गाव आणि शक्य असल्यास संग्रहाचे वर्ष लिहिलेले नसेल, तर साध्या पांढऱ्या ओपलमध्ये मोल देण्यासारखे फारसे काही उरत नाही.