गूगलचा पोस्टमॉर्टेम नमुना: ‘राहून गेलं’, पण कुणाकडून?

काम फसल्यावर अहवाल कसा लिहावा, याचा गूगलच्या एसआरई (साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग, म्हणजे सेवा अखंड चालू ठेवणाऱ्या) मंडळींनी 2016 साली पुस्तकातून दिलेला नमुना आजही फुकट वाचायला मिळतो. सारांश, परिणाम, मूळ कारणं, बिघाड कसा कळला, कसा निस्तरला, घटनाक्रम, पुढची कामं अशी त्याची मांडणी आहे. सॉफ्टवेअरसाठी बनला असला तरी कुठल्याही कार्यालयात चालतो.

सगळ्यात मोलाचा रकाना म्हणजे पुढच्या प्रत्येक कामासमोरचा ‘जबाबदार’. त्याची किंमत गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या 31 जानेवारी 2017 च्या घटनेत दिसते. दुय्यम सर्व्हर समजून एका अभियंत्याने मुख्य सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर उडवलं. थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी उरलं होतं. नेहमीचा बॅकअप शोधायला गेले तर तोही नाही. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा, बॅकअपचं साधन 9.2 चं, त्यामुळे तो निघतच नव्हता. तसं कळवणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. ‘का?’ विचारत त्यांचा जाहीर अहवाल शेवटी जिथे पोचला ते असं: बॅकअप तपासायचं काम कुणाच्याच नावावर नव्हतं. म्हणून या रकान्यात ‘टीम’ कधीच लिहू नका. एकच नाव हवं. मूळ तक्त्यात मुदतीचा रकाना नाही, तो वाढवा. आणि ‘यापुढे काळजी घेऊ’ हे काम नव्हे. ‘दर सोमवारी बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर उतरवून पाहणे’ हे काम.

नमुन्याची मोठी उणीव वेगळीच आहे. पुढच्या कामांना धनी आहे, झालेल्या निर्णयांना नाही. दोषारोप नको, हे नमुन्यामागचं तत्त्व अगदी योग्य. पण त्याच्या आडोशाने अहवालातून माणसंच गायब होतात. मराठीत तर हे फारच सोपं. ‘बॅकअप तपासायचा राहून गेला’ म्हटलं की कर्ता उरतच नाही. म्हणून ‘माझे निर्णय’ हा मथळा जोडा आणि त्यात तीन गोष्टी मागा: मी काय केलं, तेव्हा मला काय माहीत होतं, काय गृहीत धरलं. उदाहरणार्थ: ‘बदल करण्याआधी मी बॅकअप उघडून पाहिला नाही. तक्रारीचा ईमेल आला नव्हता, त्यावरून तो नीट निघतोय असं धरलं.’ या दोन वाक्यांत दुरुस्तीची जागा सापडते. ‘राहून गेला’मध्ये सापडत नाही.

हा भाग ज्याने त्याने स्वतः लिहायचा, आणि पहिला साहेबांनी. साहेबांनी इतरांच्या वतीने लिहिला की त्याचं आरोपपत्र होतं, मग पुढच्या वेळी कुणी खरं लिहीत नाही.

घटनाक्रम 48 तासांच्या आत, लॉग (यंत्रातल्या आपोआप नोंदी) आणि चॅट समोर ठेवून भरा. आठवणीतल्या वेळा हमखास चुकतात. नमुन्यातला ‘नशिबाने कुठे वाचलो’ हा रकाना लोक रिकामा सोडतात, तसा सोडू देऊ नका. किरकोळ चुकीसाठी मात्र अख्खा नमुना भरू नये. परिणाम, माझे निर्णय आणि नाव-मुदतीसह एक काम एवढं पुरतं.