क्लीनर श्रिंपसाठी घेतलेला ऑटो टॉप-ऑफ : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातले उडालेले पाणी आपोआप भरून काढणाऱ्या या यंत्राची रचना बहुतेकांना ठाऊक आहे: सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या वेगळ्या टाकीत) पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होणारा फ्लोट स्विच, आरओ पाण्याच्या बादलीत छोटा पंप आणि दोन्हींना जोडणारा कंट्रोलर. साडेचार हजार रुपये मोजून तो मी केवळ क्लीनर श्रिंप या कोळंबीच्या जोडीसाठी घेतला. मासे क्षारतेतला थोडाफार चढउतार सोसतात, कोळंबीला तो झटकन झालेला मुळीच सोसत नाही. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये चिलरऐवजी पंख्यांवर भागवायचे, तर सम्प धरून शंभर लिटर असलेल्या माझ्या टँकमधून रोज दोन लिटर पाणी उडते. मीठ मात्र पाण्यातच राहते, आणि म्हणून तीन दिवस कोणी पाणी भरले नाही तर ३५ पीपीटीची (हजार भागांत ३५ भाग मीठ) क्षारता ३७ च्या पुढे जाते.

उन्हाळाभर या यंत्राबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर (तो आरओ पाण्यावर नव्हे, ३५ पीपीटीच्या द्रावणावरच कॅलिब्रेट करावा) रोज तोच आकडा दाखवत होता. दोन्ही कोळंब्या ठरावीक अंतराने कात टाकत होत्या. मिशांसकट अखंड राहिलेली ती पारदर्शक कात सकाळी दगडावर दिसली की घरचे कोळंबी मेल्याचे जाहीर करत, आणि खरी कोळंबी नवे कवच कडक होईपर्यंत कपारीत दडून बसलेली असे. ही जात उभयलिंगी असल्यामुळे दोघींच्याही पोटाखाली हिरवट अंडी दिसत. त्या काळात हे परीक्षण लिहिले असते तर पाच तारे दिले असते.

खटकत होता तो बझर. बादली रिकामी झाली की तो वाजू लागतो, रात्री दोन वाजताही वाजतो, आणि त्याला बंद करण्याचे बटण नाही. रिकाम्या बादलीने टँकचे एका रात्रीत काय बिघडणार आहे? उलट पंप थांबायचे विसरला आणि भरलेली बादली टँकमध्ये रिती होऊ लागली, तर हाच बझर चकार शब्द काढत नाही. निरुपद्रवी प्रसंगी आरडाओरडा आणि जीवघेण्या प्रसंगी मौन, अशी योजना ज्याने केली त्याने कधी कोळंबी पाळली नसावी.

जुलैत नेमके तेच घडले. दमट हवेत बाष्पीभवन निम्म्याहून कमी होते, फ्लोट फारसा हलत नाही, आणि न हलणाऱ्या वस्तूवर सम्पमधल्या बारीक गोगलगायी मुक्काम ठोकतात. एक गोगलगाय फ्लोटवर बसली, फ्लोट खालीच अडकला आणि पंपाने बादलीतले पंधरा लिटर गोडे पाणी ओतून टाकले. सम्पमध्ये जागा असल्याने जमिनीवर थेंबही सांडला नाही. क्षारता ३५ वरून ३०.४ वर उतरली होती. क्लाऊनफिश नेहमीसारखे पोहत होते. एक कोळंबी मात्र अर्धी कात अंगावर असतानाच दगावली होती. दुसरी कपारीत तग धरून होती, म्हणून क्षारता पूर्ववत करायला मी मुद्दाम काही दिवस घेतले.

विक्रेत्याचे उत्तर असे आले, की ‘सजीवांमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही’. मत्स्यालयासाठी विकलेल्या यंत्राला हे कलम लावणाऱ्याच्या धैर्याचे कौतुक वाटते. सुटा फ्लोट मागितला, तर पूर्ण संच घ्यावा लागेल असे कळले.

तेव्हा मी यंत्र टाकून देण्याच्या विचारात होतो, पण साडेचार हजार आठवले. तापकीर गल्लीतून दीडशे रुपयांत एक साधा फ्लोट स्विच आणला आणि पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या दोन बोटे वर, पंपाच्या कमी व्होल्टेजच्या वायरीत मालिकेत जोडला. आता खालचा फ्लोट अडकला तरी वरचा पंपाची वीज तोडतो. बादलीच्या जागी तीन लिटरची बरणी ठेवली आहे. ती संपूर्ण रिती झाली तरी क्षारता ३४ च्या आसपासच राहते. बरणी लहान असल्याने बझर पूर्वीपेक्षा अधिक वेळा वाजतो, म्हणून त्याच्या भोकावर चिकटपट्टी लावली आहे. सध्या तीन तारे देतो, आणि तेही दीडशे रुपयांचा दुसरा फ्लोट स्वतः जोडण्याची तयारी असलेल्यांसाठीच.